वाचनालयातील वही

आमच्या शहरातील एका जुन्या वाचनालयात खिडकीलगतच्या मेजावर सुतळीने बांधलेली एक लांबट वही कित्येक वर्षे पडून असे. वाचलेल्या पुस्तकाविषयी, पाहिलेल्या नाटकाविषयी अथवा चित्रपटाविषयी, ऐकलेल्या गाण्याविषयी ज्यास जे वाटेल ते त्याने तीत लिहावे, खाली नाव घालावे आणि जावे, अशी वहिवाट होती. गेल्या महिन्यात ही वही मेजावरून नाहीशी झाली. तिच्या जागी एक छापील सूचना लागली असून, वाचकांनी आपले अभिप्राय बंद पाकिटात घालून कार्याध्यक्षांकडे द्यावेत, योग्य वाटल्यास त्यांचा विचार केला जाईल, असे तीत म्हटले आहे. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक दिसेल. पन्नास रुपयांची वही ती काय, आणि तिच्यासाठी अग्रलेख तो काय, असे कित्येक वाचक म्हणतील. परंतु ज्या कारणासाठी ती वही उचलण्यात आली ते कारण आम्हास कळले आहे, आणि ते कळल्यावर गप्प राहणे आम्हास उचित वाटत नाही.

कारण असे. वाचनालयास ज्यांनी चार लोखंडी कपाटे व पंखे दिले, अशा एका दानशूर गृहस्थांनी आपल्या परदेशप्रवासाचे एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. त्याचा प्रकाशनसमारंभ वाचनालयाच्याच सभागृहात थाटाने झाला. पाच वक्त्यांनी पाच भाषणे केली व पाचांनीही पुस्तक अपूर्व असल्याचे सांगितले. पुढे आठ-दहा दिवसांनी एका वाणसामानाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी ते पुस्तक घरी नेले, शेवटपर्यंत वाचले आणि परत करताना वहीत पाच ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा होता की, कागद व बांधणी उत्तम आहे. लेखकांनी कोठे काय खाल्ले आणि कोणी त्यांच्या गळ्यात हार घातले हे सर्व समजले. परंतु ती शहरे कशी आहेत, तेथील माणसे कशी राहतात, दुकाने किती वाजता उघडतात, हे काही समजले नाही. दोनशे पानांपैकी वीस पाने मात्र वाचण्याजोगी आहेत. खाली बाईंनी आपले नाव घातले होते. दुसऱ्या दिवशी वही गेली.

आता या पाच ओळींत अनुचित असे काय आहे? लेखकाच्या चारित्र्यावर त्यांत शिंतोडा नाही, त्यांच्या जातीचा वा धंद्याचा उल्लेख नाही, त्यांनी वाचनालयावर केलेल्या उपकारांची टवाळी नाही. पुस्तक हाती घेतले, पुरते वाचले, काय मिळाले आणि काय मिळाले नाही ते सांगितले. दुकानात ज्वारीचे पोते आले म्हणजे त्यातले मूठभर धान्य तळहातावर घेऊन, फुंकर मारून, दाताखाली दाणा फोडून पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी पुस्तकासही तोच न्याय लावला, इतकेच. पोते दात्याच्या घरचे आहे म्हणून खडे वेचावयाचे नाहीत, असा नियम कोणत्याही बाजारात आम्ही पाहिला नाही.

बाजाराचा विषय निघालाच आहे म्हणून आमच्या व्यापारी वाचकांस एका जुन्या चालीचे स्मरण देतो. धान्याच्या व कापसाच्या पेठांत पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरविला जाई. काय ठरले ते दलालास ठाऊक, घेणाऱ्यास ठाऊक. ज्याचा माल त्या शेतकऱ्यास मात्र शेवटी सांगतील तेव्हा कळे. या चालीने कोणाचे भले झाले व कोण बुडाले हे सांगावयास नको. नियंत्रित बाजारपेठा आल्या, उघड लिलाव सुरू झाला, आणि मोठ्याने बोललेला भाव सर्वांच्या कानी पडू लागला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली अशी पहिली पेठ सुरू झाली, हे त्या प्रांतातील व्यापाऱ्यांस अभिमानास्पद आहे. आता ‘बंद पाकिटातून अभिप्राय’ म्हणजे दुसरे काय? रुमालच तो. फक्त कापडाऐवजी कागदाचा.

या प्रकरणी कार्यकारी मंडळाच्या बाजूने बोलणाऱ्या काही सद्गृहस्थांशी आमचे बोलणे झाले. त्यांतील एकाचे म्हणणे असे पडले की, साहित्य, संगीत, कला ही अधिकारी माणसांची क्षेत्रे होत. किराणा तोलणाऱ्या बाईंनी त्यांत तोंड घालणे हा औचित्यभंग आहे. हे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले गेले, म्हणूनच त्यास प्रामाणिक उत्तर देणे भाग आहे. आणि मराठी भाषेच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ते उत्तर ठिकठिकाणी पडलेले आहे.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे लहानसे पुस्तक पुण्यात छापून निघाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक चालविली होती, तिला ते उत्तर होते. बाईंनी त्यात केवळ पुरुषांचाच समाचार घेतला नाही. त्या वेळच्या कथा-नाटकांतून स्त्रिया कशा रंगविल्या जातात यावरही आपले मत निर्भीडपणे सांगितले. म्हणजे पुस्तकांविषयी एका घरगुती बाईंचे स्वतःचे मत छापून आले. त्यावर काय झाले? हेटाळणी झाली. सनातन्यांनी केली असती तर त्याचे आश्चर्य नव्हते. परंतु सुधारणेची भाषा बोलणाऱ्या गोटातूनही ती झाली, आणि जोतीराव फुले यांना १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेऊन आपल्याच सहकाऱ्यांचे कान उपटावे लागले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा नव्वदांहून अधिक वर्षे लोटली होती. आज विद्यापीठांतून त्याचा अभ्यास होतो. ‘बाईंनी तोंड घालू नये’ असे म्हणणाऱ्या त्या काळच्या अधिकारी टीकाकारांची नावे आज कितीजणांस सांगता येतील?

त्याच १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ साली अशी पहिली सभा भरली होती. आजच्या साहित्यसंमेलनांचे मूळ तेथेच धरतात. दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीरावांसही गेले. त्यांनी ते पत्राने नाकारले. ज्या ग्रंथांत व ज्या सभांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखास जागा नाही, त्यांच्याशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा भाव होता. पाहावे, हाही अभिप्रायच. सबंध वाङ्मयावरचा, एका वाचकाचा, खाली सही करून दिलेला. त्या वेळी तो कित्येकांस उद्धट वाटला असेल. पण मराठी ग्रंथांत कोणाची माणसे येतात आणि कोणाची येत नाहीत, हा प्रश्न पुढे दलित व ग्रामीण साहित्याने मोठ्या आवाजात विचारला, त्याची पहिली नोंद या पत्रात सापडते. सभेने ते पत्र ‘योग्य वाटल्यास विचार’ या सदरात टाकले असते तर हानी सभेचीच होती.

आमचा पक्ष येथे एकतर्फी होऊ नये म्हणून दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. ग्रंथपरीक्षण म्हणजे ग्रंथकाराच्या घरी हळदीकुंकवाला जाणे नव्हे, हे मराठी वाचकास त्यांनी शिकविले, हे ऋण मान्य आहे. तथापि त्याच लेखणीने जोतीरावांच्या ग्रंथांतील विचार बाजूस ठेवून त्यांच्या भाषेची व व्याकरणाची जी थट्टा केली, ती वाचताना आजही वाईट वाटते. विद्वत्ता असली म्हणजे अभिप्राय न्याय्य होतोच असे नाही, आणि दुकानदारी असली म्हणजे तो अन्याय्य होतो असेही नाही. इतके मान्य झाले म्हणजे ‘अधिकारी कोण’ हा वाद बराचसा मिटतो.

दुसरे एक उदाहरण संगीतातले आहे व ते आमच्या मते सर्वांत बोलके आहे. १९५२ साली मध्यवर्ती सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, रागदारी संगीताचे खरे जाणकार व तळमळीचे. त्यांचे वैयक्तिक मत असे होते की, चित्रपटगीते हलकी असून त्यांनी जनतेचा कान बिघडत आहे. हे मत बाळगण्याचा व ते जाहीर सभेत सांगण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता. आमच्या वाचकांतही त्यांच्याशी सहमत होणारे पुष्कळ निघतील. परंतु केसकरांनी मत सांगितले नाही, त्याचा हुकूम केला. आकाशवाणीवरून चित्रपटगीतांस जवळजवळ अर्धचंद्र मिळाला.

झाले काय ते प्रसिद्ध आहे. लोकांनी काटा फिरविला. कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून त्याच १९५२ सालच्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली व अमीन सयानी यांचा आवाज घरोघर, पानपट्टीच्या दुकानांतून, केशकर्तनालयांतून ऐकू येऊ लागला. कोणते गीत वर चढले, कोणते उतरले, याचा निर्णय श्रोत्यांच्या पत्रांवर होऊ लागला. ज्यांना आजवर कोणी कधी मत विचारले नव्हते अशी माणसे पोस्टकार्डावर आपली आवड लिहून धाडू लागली. बिहारातील (आता झारखंडातील) झुमरी तलैया नावाचे एक आडगाव केवळ तेथील फर्माइशीच्या पत्रांमुळे सबंध देशास ठाऊक झाले. शेवटी सरकारलाच नमते घ्यावे लागले आणि १९५७ सालच्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ निघाली. एका जाणकाराचे मत लादले गेले तेव्हा पाच वर्षांत ते हरले. तेच मत त्यांनी श्रोत्यांपुढे युक्तिवादाने, उदाहरणे वाजवून, गाऊन दाखवून मांडले असते तर किती कान वळले असते कोण जाणे. केसकरांच्याच कारकिर्दीत संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले, कित्येक गवय्यांच्या चुलीस आधार मिळाला, याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. म्हणूनच खंत अधिक वाटते. (पेटीची कथा तर याहून विलक्षण. १९४० साली, म्हणजे परक्या अमदानीतच, हार्मोनियमला नभोवाणीवरून हद्दपार करण्यात आले, आणि स्वराज्य आल्यावरही वीसेक वर्षे ती हद्दपारच होती. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात हे घडले! घरोघरच्या भजनी मंडळांनी मात्र पेटी सोडली नाही.)

तथापि फर्माइशीच्या पोस्टकार्डांतही सर्व आलबेल नव्हते. एकाच हाताने शंभर पत्रे लिहिता येतात, व ती लिहविताही येतात, हे चतुरांच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. म्हणून पुढे पत्रांबरोबर तबकड्यांच्या खपाचाही विचार होऊ लागला. आज पोस्टकार्ड गेले आणि खिशातल्या दूरध्वनीवर तारे चिकटविणे आले, पण रोग तोच आहे. पैसे मोजून स्तुती लिहवून घेणे व प्रतिस्पर्ध्याची निंदा लिहवून घेणे हा एक धंदाच झाला आहे. त्यास आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ग्राहकांचे अभिप्राय कसे गोळा करावे व कसे प्रसिद्ध करावे याचे एक मानक प्रसिद्ध केले. प्रसिद्ध झाले तेव्हा ते ऐच्छिक होते. ऐच्छिक नियम कोण पाळतो हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावे असे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सरकारलाही ज्या खऱ्या अभिप्रायाची गरज भासू लागली, तो आमच्या वाचनालयात एका बाईंनी विनामूल्य, नावासह दिला होता, आणि आम्ही तो कपाटात कोंडला.

मैफलीत बसणाऱ्यांस अभिप्राय म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबात किंवा पुण्याच्या भारत गायन समाजात ज्यांनी बैठका ऐकल्या आहेत त्यांस ठाऊक आहे की, गवई समेवर येतो तेव्हा समोरून येणारी दाद हीच त्याची पावती व हीच त्याची परीक्षा. खोटी दाद गवय्यास तत्काळ ओळखू येते. पहिल्या ओळीतल्या शेटजींनी मान डोलावली म्हणून मागच्या दहा ओळींनी डोलावलेल्या माना आम्ही पाहिल्या आहेत. आणि शेटजींनी मान का डोलावली, तर शेजारच्या वकीलसाहेबांनी डोलावली होती म्हणून. अशा मैफलीतून गायक पैसे घेऊन जातो, परंतु शिकून काही जात नाही. केशवराव भोळे यांनी आपल्या काळच्या नामांकित गायकांच्या गाण्याचे ‘एकलव्य’ या टोपणनावाने परीक्षण केले. कोणाच्या गळ्याची फिरत कोठे सुंदर, कोठे नुसती कसरत, हे ते नावे घेऊन सांगत. पुढे तेच प्रभात कंपनीच्या चित्रांचे संगीतदिग्दर्शक झाले. दुसऱ्याच्या गाण्याविषयी नेमके बोलता येणे व स्वतः नेमके करता येणे यांचा काही संबंध असावा, असे त्यावरून वाटते.

चित्रपटांच्या बाबतीत आमचे वाचक बोलत नाहीत अशी तक्रार कोणी करणार नाही. बोलतात, फार बोलतात. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला व दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु व्हेनिसचे नावही न ऐकलेल्या खेड्यापाड्यांतील माणसांनी बैलगाड्या जोडून येऊन आपला निकाल त्यापूर्वीच दिला होता, आणि परीक्षकांचा व वारकऱ्यांचा निकाल एकच निघाला. असे नेहमी घडते असे नाही. त्याच काळात मुंबईस बाबूराव पटेल यांनी १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ मासिक काढले. त्यांच्या तिखट लेखणीने भिकार चित्रांची बेगड उतरली, हा लाभ झाला. पण चित्राचा समाचार घेता घेता नटनट्यांच्या रंगरूपाची व खाजगी आयुष्याची जी टवाळी त्या पानांतून चाले, तिने पुढच्या चित्रपटपत्रकारितेस वाईट वळण लावले असे आमचे मत आहे. आणि ज्या एका दोषाकडे आम्ही अधिक गांभीर्याने पाहतो तो अजून निराळाच. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्याविषयी आमच्या कानी पडलेल्या बोलण्यातील निम्मे बोलणे चित्राविषयी नव्हतेच. दिग्दर्शक कोणत्या जातीचा, नायिका कोणत्या घरची दाखविली, म्हणजे अपमान कोणाचा झाला, यावरच हिरिरीने वाद झडत. चित्राचा पूर्वार्ध हसता-गाता का ठेवला असावा आणि शेवटच्या काही क्षणांत पडद्यावरचा आवाजच का काढून घेतला असावा, हे विचारणारा एखादाच भेटे. जातीने दिलेला अभिप्राय हा अभिप्राय नसून हजेरी होय.

येथपर्यंत आल्यावर एका कटू विषयास स्पर्श करणे प्राप्त आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले. थोड्याच प्रयोगांनंतर आक्षेपांच्या गदारोळात ज्या संस्थेने ते बसविले तिनेच ते थांबविले, आणि कलावंतांस ‘थिएटर अकॅडमी’ ही नवी संस्था काढून प्रयोग चालू ठेवावे लागले. नाटक इतिहासाशी इमान राखते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले व ते लिहिणे योग्यच होते. पण ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जे घडले त्यास अभिप्राय म्हणता येत नाही. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातील मजकुरावर रोष होता. त्या मजकुरास उत्तर देणारे समर्थ इतिहाससंशोधक महाराष्ट्रात होते, आणि त्यांनी आक्षेप नोंदविलेही होते. परंतु जमाव गेला तो संस्थेची कपाटे फोडावयास, आणि ज्यांचा त्या पुस्तकाशी काडीचा संबंध नव्हता अशी जुनी कागदपत्रे व वस्तू त्यात उद्ध्वस्त झाल्या. पुस्तकावरील बंदीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१० साली बंदी टिकली नाही. नुकसान मात्र टिकले. ज्या गावात वहीवर नाव घालून ‘मला हे पुस्तक पटले नाही, अमुक पानावर अमुक चूक आहे’ असे लिहिण्याची सवय असते, त्या गावात दगड उचलणारे हात अजिबात नसतात, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ज्या गावात ती सवयच नसते तेथे रागाला दगडाखेरीज वाट कोणती उरते?

आणि रागाची गोष्ट तरी विरळा. आमच्यातला नित्याचा रोग भीड हा आहे. नवोदित कवी प्रत भेट देतो, आपण ती चाळून ‘उत्तम’ म्हणतो. नातेवाइकांच्या मुलीचे गाणे असते, आपण ‘आवाज गोड आहे’ म्हणून बाहेर पडतो आणि जिन्यात खरे बोलतो. प्रस्तावना लिहिणारे पुस्तक न वाचता लिहितात. परीक्षण लिहिणारे प्रस्तावना वाचून लिहितात. आम्हीही यातून सुटलेलो नाही. आमच्याच पानावर केवळ ओळखीखातर छापलेली ‘संग्रही असावे असे पुस्तक’ या मथळ्याची स्फुटे गेल्या काही वर्षांत निघाली आहेत. ती काढताना आमचा हात अडखळला, पण थांबला नाही, हे येथे कबूल करतो. या भिडेचा परिणाम काय होतो? तीनशे रुपये मोजून पुस्तक घेणारा माणूस एकदा फसतो, दोनदा फसतो, आणि तिसऱ्यांदा मराठी पुस्तकच घेत नाही. त्याच्या फसण्याची शिक्षा ज्याने खरोखर चांगले लिहिले त्या लेखकास होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मध्यवर्ती सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, आनंद झाला, पेढे वाटले गेले. दर्जा सरकारी कागदावर मिळतो. पुस्तक मात्र गिऱ्हाइकाने एकमेकांस ‘हे घे, वाच’ म्हटल्यावाचून खपत नाही. ते ‘घे’ खरे वाटावयास हवे असेल तर ‘घेऊ नकोस’ म्हणण्याचीही मोकळीक पाहिजे.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’चे उदाहरण या संदर्भात आठवते. १८९९ साली ते नाटक आले. थोराड वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावणाऱ्या कित्येक घरांतील मंडळी ते पाहून घरी आली आणि माजघरात त्यावर बोलू लागली. भुजंगनाथ हे नाव म्हाताऱ्या नवऱ्यांस लोक चिडवावयास वापरू लागले. (अल्पवयीन विवाहास प्रतिबंध करणाऱ्या १९२९ च्या कायद्यास ‘सारडा कायदा’ म्हणतात, त्यामुळे तो या नाटकावरून निघाला असे पुष्कळांस वाटते. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे, योगायोगाने जुळले.) कायदा व्हावयास तीस वर्षे लागली, पण नाटकाविषयीचे बोलणे पहिल्या खेळाच्या रात्रीच सुरू झाले होते. बायका बोलल्या, हे त्यातले महत्त्वाचे. नाटक पाहिले आणि कोणी काही बोललेच नाही, असे झाले असते तर देवलांचे श्रम रंगमंचावरच विझले असते.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे वळतो. सदरहू वाचनालय हे कोणा एकाच्या मालकीचे नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली त्यास सरकारी अनुदान मिळते, म्हणजे त्यात वाणसामानाच्या दुकानानेही कर भरून वाटा उचलला आहे. रत्नागिरीस १८२८, नाशकास १८४०, पुण्यास १८४८ साली वाचनालये निघाली, ती पुस्तके साठविण्याची कोठारे म्हणून नव्हेत. चार माणसांनी एके ठिकाणी बसून वाचावे, वाचलेल्यावर बोलावे, मतभेद झाल्यास भांडावे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसावे, या हेतूने. कार्यकारी मंडळास आमची विनंती अशी आहे की, येत्या वार्षिक सभेची वाट न पाहता वही पूर्ववत मेजावर ठेवावी. तीत काय लिहावे यास काही मर्यादा हवी असेल तर ती अवश्य घालावी. आम्ही सुचवितो त्या अशा की, पुस्तक पुरते वाचल्याशिवाय, नाटक-चित्रपट शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय लिहू नये. लेखकाविषयी नव्हे, लेखनाविषयी लिहावे. कोणते पान, कोणता प्रवेश, कोणते गाणे ते सांगावे. आणि नाव घालावे. ज्यास नाव घालण्याची खरीच अडचण असेल, उदाहरणार्थ नोकरीची, त्याने टोपणनाव घ्यावे, पण ग्रंथपालास खरे नाव ठाऊक असावे. ‘शतपत्रे’ लिहिणाऱ्या गोपाळराव देशमुखांनीही ‘लोकहितवादी’ हे नाव घेतलेच होते. लेखकासही त्याच वहीत, त्याच पानावर उत्तर देण्याची मुभा असावी. दानशूर गृहस्थांनी ती मुभा वापरली असती तर त्यांच्याविषयी आमचा आदर दुणावला असता. अद्यापही वेळ गेलेली नाही. त्यांनी स्वतः वही काढावयास सांगितले असे आम्हास कोणी सांगितलेले नाही, आणि आम्ही तसे मानीतही नाही. पुष्कळदा मोठ्या माणसांच्या वतीने लहान माणसेच अधिक रागावतात.

दरम्यान, वही परत येईपर्यंत, आमच्या पत्राचा रविवारचा एक रकाना आम्ही या कामी मोकळा ठेवीत आहोत. पुस्तक, नाटक, चित्रपट, मैफल यांविषयी वाचकांचे स्वतःचे अभिप्राय, वर सांगितलेल्या मर्यादा पाळून आलेले, शंभर शब्दांपर्यंत विनामूल्य छापू. त्यांत आमच्या जाहिरातदारांच्या चित्रपटांविषयी प्रतिकूल काही असले तरी तेही छापू. व्यापारी मंडळींनी दुकान बंद केल्यावर रात्री पाच मिनिटे यासाठी काढावीत. घरातील स्त्रियांनी पत्रे पाठवावीत, पुरुषांच्या नावे नव्हे, स्वतःच्या.

राहता राहिले ते प्रवासाचे पुस्तक. त्याविषयी इतके लिहून ते न वाचणे शोभले नसते, म्हणून आम्ही त्याची एक प्रत बाजारातून विकत घेऊन वाचली. बाईंचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. हार फार आहेत. परंतु वाचण्याजोगी पाने वीस नसून आमच्या हिशेबाने चाळीस भरतात. बंदरावर सामान हरवले तेव्हाचा प्रसंग आणि तेथील एका नानबायाच्या दुकानात पहाटे काढलेले दोन तास, ही दोन प्रकरणे चांगली उतरली आहेत. बाईंनी ती पुन्हा एकदा पाहावीत, ही त्यांस विनंती.